याहूंचा पावसाळा

रायत्याचा पूल ओलांडून मुरबाडच्या वाटेला लागलं की रस्त्याकडेच्या पाट्या हळूहळू रानटी होत जातात. कल्याणच्या बाजूला 'टू बीएचके, नदीकिनारी' असं सभ्यपणे बोलणाऱ्या पाट्या सरळगावपाशी 'नेचर' म्हणू लागतात, टोकावड्याच्या पुढे 'जंगल' म्हणतात आणि माळशेज दिसायला लागला की थेट 'वाइल्ड'वर येतात. वाइल्ड म्हणजे नेमकं काय मिळणार, ते खाली बारीक अक्षरांत असतं: स्विमिंग पूल, डीजे, अनलिमिटेड नाश्ता, जैन जेवणाची सोय. वाघाची सोय नसते. पाटीवर मात्र एक वाघ हवाच असतो, आणि रंगाऱ्याच्या हाताला आयाळ आवडत असल्यामुळे पुष्कळदा तो आफ्रिकेतला सिंह निघतो.

हाच माल मराठी वेष्टनात विकायला काढा, कुत्रंही फिरकणार नाही. 'रानटी रिसॉर्ट' अशी पाटी लावून बघावी कोणीतरी. आमच्याकडे मचमच करत जेवणाऱ्या पोराला 'जंगली आहेस का रे?' असं विचारलं की ते मान खाली घालतं. त्याच्या टी-शर्टवर छातीभर अक्षरांत 'वाइल्ड' छापलेलं असतं, आणि तो टी-शर्ट हा प्रश्न विचारणाऱ्या माउलीनेच मुरबाडच्या बाजारात घासाघीस करून घेतलेला असतो.

इंग्रजांकडे रानटीपणाच्या शब्दांची टंचाई होती असं नाही. वाइल्ड घरचाच होता. सॅव्हेज त्यांनी फ्रेंचांकडून घेतला. त्याचं मूळ लॅटिनमधलं सिल्वा, म्हणजे रान. रानातला तो सॅव्हेज आणि रानातला तो रानटी. शिवी घडवण्याची रीत दोन्हीकडे एकच, कारण दोन्हीकडे शिव्या घडवणारे गावात राहत होते. एवढा साठा असूनही हिंदुस्थानात आल्यावर त्यांचं भागलं नाही आणि त्यांनी आपल्याकडून 'जंगल' उचललं. कोहिनूर परत मागणारे पुष्कळ आहेत. जंगल परत मागायला कोणी गेलं नाही, कारण ते त्यांनी आपणहून परत पाठवलं. मात्र गेलं होतं एक आणि आलं दुसरंच.

इंग्रजी शब्दकोशवाले 'जंगल'ची पहिली नोंद दाखवतात ती १७७६ची. वॉरन हेस्टिंग्जने अकरा पंडित बसवून हिंदूंचा कायदा संस्कृतात लिहवून घेतला, त्याचं फारसी झालं आणि फारसीवरून नॅथॅनियल हॅलहेड नावाच्या तरुणाने इंग्रजी केलं. त्या कायद्यात जंगलाची व्याख्या आहे. त्यात झाडांचा उल्लेख नाही, श्वापदांचा नाही, वेलींना लोंबकळणारा कोणी नाही. पाच वर्षं कसली नाही अशी जमीन म्हणजे जंगल. बस्स. तलाठी लिहील तशी व्याख्या. पुढे १८८६ साली यूल आणि बर्नेल या जोडीने अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा जाडजूड कोश काढला, त्यातही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे की नेटिवांच्या तोंडी याचा नेमका अर्थ नुसती पडीक जमीन. दाट अरण्य हा अर्थ आम्ही साहेबलोकांनी दिला.

त्याच्याही मागे गेलं तर आणखी मजा आहे. आयुर्वेदात देशाचे प्रकार सांगितले आहेत: जांगल, आनूप आणि दोहोंच्या मधला साधारण. चरकाचा जांगल देश म्हणजे मोकळं आभाळ, कोरडा वारा, खैर, धावडा, बोर, शमी अशी काटक झाडं, मृगजळ, तित्तिर आणि लावे. तिथली माणसं अंगाने कठीण. आनूप देश याच्या उलट: पाणीच पाणी, गार वारा, नारळी-केळी, आणि माणसं सुकुमार. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने या जांगल-आनूप प्रकरणावर १९८२ साली अख्खं पुस्तक लिहिलं. आता चरकाचं हे माप घेऊन आमचा मुरबाड तालुका मोजायला घेतला तर पंचाईत होते. समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि आमच्या डोक्यावर रिकामे होतात. तेव्हा आम्ही आनूप. म्हणजे आम्ही सुकुमार. आवणीच्या दिवसांत घोट्याच्या वर चिखलात उभं राहून दिवसभर वाकलेल्या आणि संध्याकाळी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन पाड्यावर परतणाऱ्या बाईला हे एकदा सांगायला हवं. सांगणाऱ्याने थोडं लांब उभं राहावं.

पण चरकालाही चकवणारी गोष्ट अशी की हेच रान वर्षातून दोनदा आपली जात बदलतं. एप्रिलमध्ये या. साग नागडा उभा, पायाखाली त्याची पापडासारखी पानं, ओढे कोरडे, पळस तेवढा पेटून गेलेला, मोहाच्या झाडाखाली पहाटे फुलं वेचणाऱ्या बाया. ते अगदी चरकाबरहुकूम जांगल. जुलैत या, तर त्याच उतारावर पाच हातांवरचं दिसत नाही. ते साहेबाचं जंगल. शहरातले लोक फक्त जुलैतलं पाहतात आणि छायाचित्रं काढून नेतात. एप्रिलमध्ये त्यांना आणलं तर ते म्हणतात, अरेरे, जंगल संपवलं यांनी! कोणी संपवलेलं नसतं. साग पानं टाकून झोपलेला असतो.

खरंखुरं जांगल बघायचंच असेल तर माळशेज चढून वर जावं. ओतूर, आळेफाटा मागे टाकत नगरच्या बाजूला लागलं की हवा कोरडी पडते, झाडं बुटकी आणि काटेरी होतात. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८०पासून काळविटांचं छोटंसं अभयारण्य आहे. दोन चौरस किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे आमच्याकडच्या एखाद्या पुढाऱ्याचं फार्महाऊस जरा ताणलं तर तेवढं होईल. काळवीट हा जांगल देशाचा मानकरी. म्हणजे शब्दाचं जुनं घर घाटावर आणि नवं घर घाटाखाली, मध्ये फक्त माळशेजची वळणं. त्या वळणांवर एकही पाटी हे सांगत नाही.

जंगलाला हिरवं आणि घनदाट करून जगभर पाठवण्यात सगळ्यात मोठा हात रुडयार्ड किपलिंगचा. हा आपल्या मुंबईत जन्मलेला, १८६५ साली, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. त्याचं 'जंगल बुक' आलं १८९४ला. कथा मध्य प्रांतातल्या शिवनीच्या डोंगरांतली, आणि लिहिली कुठे तर अमेरिकेत व्हर्मोंटला, जिथे हिवाळ्यात दाराशी बर्फ साचतो. पुढे १९६१ साली हिंदीत 'जंगली' आला, तर त्यातला शम्मी कपूरही काश्मीरच्या बर्फावरून घसरत होता. जंगल या शब्दाला बर्फाचं एवढं वेड का, हे मला उलगडलेलं नाही. बहुधा घाम आला की माणसाला रानाविषयी सुंदर विचार सुचत नाहीत.

शम्मी कपूर घसरताना जे ओरडला ते 'याहू' सगळ्या देशाने उचललं. आता हा याहू कोण? १७२६ साली जोनाथन स्विफ्टने गलिव्हरच्या प्रवासात एक देश रंगवला आहे. तिथे घोडे शहाणे, विचारी आणि स्वच्छ असतात. आणि माणसासारखी दिसणारी एक केसाळ, घाणेरडी, भांडकुदळ जात त्यांच्या आसपास वावरते, जी चकाकणाऱ्या दगडांसाठी एकमेकांचे गळे धरते. तिचं नाव याहू. रानटीपणासाठी इंग्रजीत जे जे शब्द झाले, त्यांत हा मला सगळ्यांत अचूक वाटतो, कारण हा एकटाच रानातल्या माणसाकडे बोट न दाखवता गावातल्या माणसाकडे दाखवतो. शम्मी कपूरची आरोळी स्विफ्टच्या पानांतून आली असा माझा दावा नाही. पण जुलैतल्या रविवारी माळशेजच्या धबधब्याखाली उभं राहिलं की दोन्ही याहू एकाच तोंडातून ऐकू येतात.

तो देखावा वर्णन करण्याजोगा आहे. गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीचं वेगळं गाणं. उघड्या अंगाचे गृहस्थ कठड्यावर उभे. शनिवारपर्यंत हे बँकेत, आयटीत, सोसायटीच्या कमिटीवर असतात. घाटात आले की म्हणतात, आज वाइल्ड व्हायचं. वाइल्ड होण्याची साधनं बाटलीत भरून आणलेली असतात आणि बाटल्या इथेच राहतात. माकडं वरच्या कड्यावर गंभीर बसून सगळं बघतात. घोड्यांच्या जागी ती चालतील. जिल्हाधिकाऱ्यांना अनेक पावसाळ्यांत मनाई आदेश काढावे लागले आहेत: धबधब्याखाली जाऊ नये, मद्यपान करू नये, धोकादायक जागी सेल्फी काढू नये. वाघासाठी असा आदेश कधी काढावा लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बरं, यांना हवं असतं ते रान तरी कसं? माणूस नसलेलं. इंग्रजीत त्याला विल्डरनेस म्हणतात. अमेरिकेने १९६४ साली तसा कायदाच केला आणि त्यात विल्डरनेसची व्याख्या अशी ठरवली की जिथे माणूस पाहुणा म्हणून येतो, मुक्काम करत नाही. ती अमेरिका, तिथे आधी कोण मुक्काम करून होतं आणि त्यांना कोणी उठवलं, हा विषय त्या कायद्याने सोयीने गाळला. आमच्या तालुक्यात असा तुकडा शोधायचा तर कुठे शोधणार? ज्या डोंगररांगेला पाट्या 'अनटच्ड' म्हणतात, तिच्यातल्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळापासून बैलांचे तांडे चढत आले. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर आहे. सिद्धगडाच्या रानात स्वातंत्र्यलढ्यातल्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील लपून राहिले, आणि २ जानेवारी १९४३ला तिथेच पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. माणूस नसलेल्या रानात भूमिगतांना भाकरी कोणी दिली असती?

तरी आमच्याकडे या प्रकारचा एक इंग्रजी शब्द पक्का रुजला आहे आणि तो शाळेत न गेलेली आजीही बिनचूक वापरते. फारेस्ट. एकदा ट्रेकला आलेल्या एका मुलीने पाड्यावरच्या आजीला विचारलं, "आजी, इथे जंगल कुठून सुरू होतं?" आजीने हाताने सगळा डोंगर दाखवला आणि म्हणाली, "ह्या समदा रान हाय. त्या बोडक्या माळावर मातर जावा नको, त्या फारेस्टमध्ये हाय." मुलगी चक्रावली. झाडी आहे ते रान आणि जिथे काडी नाही ते फॉरेस्ट? पण आजीचं इंग्रजी मुलीपेक्षा शुद्ध होतं. फॉरेस्ट या शब्दाचा मूळ अर्थ झाडी नव्हेच. लॅटिन फोरिस म्हणजे बाहेर. राजाने शिकारीसाठी राखून ठेवलेली, रयतेला बाहेर ठेवणारी जागा म्हणजे फॉरेस्ट. झाडं असोत नसोत, हुकूम पाहिजे.

आमच्याकडे तो हुकूम १८७८च्या कायद्याने आला. इथे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात: झाडांचे टाहाळे, पाला, शेण जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळायचं आणि त्या राखेत पेरायचं. सरकारने झाड तोडायला बंदी केली, म्हणजे राब अडला, म्हणजे भात अडलं. ओरड इतकी झाली की ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी ऐकायला १८८५ साली कमिशन बसवावं लागलं. आणि वरकस जमिनीची तऱ्हा तर हॅलहेडच्या व्याख्येवर नेमकी बसते. उतारावर दोन-तीन वर्षं नाचणी, वरी घ्यायची, मग माळ सोडून द्यायचा, झुडपं वाढू द्यायची, जमिनीला दम खाऊ द्यायचा आणि मग पुन्हा यायचं. मागे टाकलेल्या जमिनीला पंडितांनी जंगल म्हटलं होतं. शेतकरी परत येईपर्यंत तिचं फारेस्ट झालेलं असे.

आता २००६चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून तुम्ही ही जमीन कसत होता हे दाखवायचं. कागद कुठून आणणार? तर अतिक्रमण केलं म्हणून कधीकाळी आजोबांना झालेल्या दंडाची पावती, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली, तीच पुराव्याला उपयोगी पडते. चोरीची पावती हीच मालकीची साक्ष. अशी न्यायाची गंमत स्विफ्टलाही सुचली नसती.

मराठीला या बाबतीत फारसा घोळ घालावासा वाटलेला नाही. अरण्याचं झिजत झिजत रान झालं आणि त्या एका शब्दात तिने डोंगर आणि शेत दोन्ही बसवलं. 'बाबा रानात गेलेत' याचा अर्थ बाबा वाघाच्या मागे गेलेत असा कोणी घेत नाही. ते बांधावर असतात. उसाचं रान असतं आणि सागाचंही रान असतं. भोंगळ वाटेल, पण बिबट्याने या भोंगळपणावर शिक्कामोर्तब केलं आहे. घाटावर जुन्नरकडे तो उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजलं, तर शेतीच्या, वस्तीच्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ मोठे बिबटे निघाले, आणि वर तरसंही. त्यांना वाइल्ड म्हणावं तर पत्ता शेतातला. रानातले म्हटलं की भांडण मिटतं.

म्हणूनच बहुधा वाघाशीही आमचं नातं परक्याचं नाही. दिवाळीच्या तोंडावर, अश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते, गाय-वासराची पूजा. त्याच दिवशी आमच्याकडच्या ठाकर, महादेव कोळी, वारली वस्त्यांत वाघबारस. गुराखी घरोघर तांदूळ-दूध गोळा करून रानात खीर शिजवतात आणि वाघोबाला नैवेद्य दाखवतात. एकाच तिथीला गायही पूजायची आणि गाय खाणाराही. दोघांनाही सांभाळून राहायचं आहे हे ज्याला माहीत आहे, तोच असं पंचांग करू शकतो.

शेजारच्या शहापूरचीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तानसाचं धरण १८९२चं. तेव्हापासून मुंबई शहापूरचं पाणी पिते, आणि एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतात. पण ते असो. या तानसाच्या अभयारण्यात २०१४ साली पक्षिनिरीक्षकांना रानपिंगळा दिसला. हा छोटा घुबडभाऊ १८७३ साली शास्त्रात नोंदला गेला, १८८४नंतर नाहीसा झाला आणि ११३ वर्षांनी, १९९७ला, नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्‌झहागन नावाच्या एका कर्नलने हा आपण १९१४ला मारला असं सांगून नमुनाही दाखवला होता. तो त्याने ब्रिटिश म्युझियममधूनच चोरून, जरा डागडुजी करून, नवी चिठ्ठी लावून परत ठेवलेला निघाला. बिचारे पक्षिनिरीक्षक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून चुकीच्या जागी शोधत राहिले. गंमत म्हणजे या दुर्मिळ जिवाला घनदाट अरण्य लागत नाही. त्याला आवडतं ते विरळ, कोरडं, सागाचं मोकळं रान. म्हणजे चरकाचं जांगल, आणि शहरातल्यांच्या नजरेत संपलेलं जंगल.

तेव्हा या पावसाळ्यात इकडे येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. या जरूर. हिरवं दिसेल तिथे धावू नका. ज्याला तुम्ही गवत समजून तुडवता ते कोणाचं तरी रोप असतं आणि ज्याच्यावर उभं राहून फोटो काढता तो कोणाचा तरी बांध असतो, फुटला तर खाचरातलं पाणी जातं. बाटल्या परत न्या. जूनच्या सुरुवातीला आलात तर रस्त्याकडेला ठाकर, कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसलेल्या असतील; शेवळाच्या जुड्या, कधी भारंगी, कधी कोरळ. भाव करू नका, डोंगर उतरून आलेल्या असतात त्या. आणि शेवळं घेताना सोबतची हिरवी काकडं मागून घ्यायला विसरू नका. त्यांच्या आंबट रसाशिवाय शेवळं शिजवलीत तर घसा असा खाजेल की वाइल्ड म्हणजे काय हे पाटी न वाचता कळेल.